आत्यांच्या फॉर्ममध्ये ‘इतर’ नव्हतं

माणसाला रडवून घरी पाठवायचं आणि जाता जाता त्याच्याकडून ‘आभारी आहे’ असंही म्हणवून घ्यायचं, ही कला मी आयुष्यात एकाच बाईकडे पाहिली. आमच्या पेणच्या वधू-वर सूचक मंडळाच्या आत्या. त्यांना नाव होतं, पासबुकावर असेल. आम्ही सगळे आत्याच म्हणायचो. लग्नात मानाची साडी हलकी निघाली म्हणून मांडवात तोंड फुगवून बसणारी एक आत्या प्रत्येक घरात असते, तिचा चेहरा आणि फौजदाराचा आवाज असा त्यांचा एकूण थाट होता. आज त्या नाहीत, म्हणून मी हे निर्धास्त लिहितोय. असत्या तर एकेका वाक्यावर बोट ठेवून म्हणाल्या असत्या, “विलास, याला पुरावा?”

माझा रोह्यात फोटो स्टुडिओ आहे. मंडळाची रोह्याची शाखा म्हणजे त्या स्टुडिओतलं कोपऱ्यातलं टेबल, टेबलावर एक कॉम्प्युटर आणि टेबलामागे मी. पूर्वी स्थळांच्या माहितीच्या फायली असायच्या. त्यात सगळे मुलगे उंच, सगळ्या मुली गृहकृत्यदक्ष आणि सगळ्यांची घरं सुसंस्कृत. आत्या पेणच्या एका कचेरीतून निवृत्त झाल्या, मंडळात आल्या, आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी त्या फायली वाचून काढल्या. म्हणाल्या, “इतकी चांगली माणसं आपल्या तालुक्यात असती तर मला दिसली नसती का?” मग त्यांनी कॉम्प्युटरवर डेटाबेस केला. पेणला एखादी मुलगी भरली की रोह्यात मला दिसायची, रोह्यात मी मुलगा भरला की तिकडे त्यांना. माहिती भरायचा तो फॉर्म, आणि साठलेल्या माहितीला विचारायचा प्रश्न म्हणजे क्वेरी, हे त्यांनीच मला शिकवलं. “प्रश्न नीट विचारला की उत्तर लाजत नाही,” असं त्या म्हणायच्या. उत्तर लाजत नसेल, पण उत्तर देणाऱ्याची काय अवस्था होई ते मी समोर बसून पाहिलंय.

आणि हा सगळा खटाटोप, मंडळी, एका माणसासाठी होता. त्यांचा मुलगा मंगेश. नवरा लवकर गेला, एकुलत्या एका मुलाला आत्यांनी वाढवलं, तो कंपनीत पर्मनंट झाला, पेणला स्वतःचा फ्लॅट झाला, पस्तिशी आली, आणि लग्न काही होईना. आत्यांनी क्वेरी कुठलीही बनवली तरी पहिल्यांदा ती मंगेशवर चालवून बघायच्या. डॉक्टरनं नवं औषध आधी पोटच्या पोरावर वापरावं तसं. मंगेश बिचारा गरीब गाय. त्याला बायको आणून द्यायची आणि मग डोळे मिटायचे, एवढंच त्यांना या जगाकडून हवं होतं. बाकी जगाला त्यांच्याकडून काय हवं होतं, याची त्यांनी कधी चौकशी केली नाही.

त्यांच्या फॉर्ममधला एकही रकाना रिकामा सोडता यायचा नाही. सोडला की त्याची चौकट लाल व्हायची आणि फॉर्म पुढे सरकायचाच नाही. आणि मोकळं लिहायला जागा नाही, दिलेल्या पर्यायांतूनच एक निवडायचा. नोकरी या रकान्याला पर्याय होते: कंपनीत कायम, कंपनीत कंत्राटी, कंत्राटदाराच्या कंत्राटदाराकडे, आणि ‘लागेल’. या ‘लागेल’वर आमच्या भागातले निम्मे नवरदेव येऊन थांबायचे. केसांना तीनच पर्याय: आहेत, जात आहेत, गेले. एकदा एक मुलगा माझ्यासमोर ‘आहेत’ आणि ‘जात आहेत’ यांच्यामध्ये इतका वेळ घुटमळला की मी त्याला चहा पाजला. शेवटी पेणहून आत्यांचा फोन आला. त्यांना तिकडे त्याचा फोटो दिसत होता. “त्याला म्हणावं, तू ठरवेपर्यंत तिसरा पर्याय लागू होईल.”

उंचीची तर गंमतच होती. आमच्याकडे मुलाची उंची विचारली की बाप पाच फूट सहा इंच सांगतो, ही पद्धतच आहे. आत्यांनी पेणच्या कार्यालयाच्या दाराच्या चौकटीवर खुणा केल्या आणि येणाऱ्या प्रत्येकाला, मुलगा असो की मुलगी, तिथे उभं करायला सुरुवात केली. टाच उचलली की स्वतः खाली वाकून बघायच्या. मोठ्या माणसांसमोर त्या ओरडायच्या, “चप्पल काढ! देवळात आल्यासारखी काढ!”

आमचे अध्यक्ष भाऊ. हमरापूरजवळ त्यांचा गणपतीचा मोठा कारखाना, मंडळाला जागा त्यांची, पंखा त्यांचा, कॉम्प्युटरही त्यांनीच दिलेला. त्यांच्या पुतण्यानं फॉर्ममध्ये व्यवसाय ‘स्वतःचा मूर्तींचा कारखाना’ असा निवडला. दुसऱ्या दिवशी त्या यादीत एक नवीन पर्याय दिसायला लागला: ‘काकाचा कारखाना’. पुतण्याची निवड आत्यांनी बदलून तिथे नेऊन ठेवली होती. भाऊ तरातरा आले. मी त्या दिवशी पेणलाच होतो, असला योग मी सहसा चुकवत नाही.

“आत्या, अहो, एक ‘इतर’ म्हणून पर्याय ठेवा ना सगळीकडे. सगळीकडे असतो.”

“इतर म्हणजे लोकांची कचरा टाकायची जागा, भाऊ. एकदा ठेवली की सगळं गाव तिथेच येऊन टाकतं.”

“पण लोक रडत जातात आपल्या ऑफिसातून!”

“पूर्वी लग्नानंतर रडायचे. आता आधी रडून घेतात.”

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

माझ्याशी त्यांचं भांडण फोटोवरून. मी पडलो स्टुडिओवाला. माणूस जसा आहे तसा काढला तर तो पैसे का देईल? थोडा उजेड वाढवायचा, गालावरचा एखादा खड्डा बुजवायचा. आत्यांनी फॉर्ममध्ये रकाना टाकला: ‘फोटोग्राफरने काय काय बदलले?’ आणि भरायचा मीच! मी ‘काही नाही’ निवडलं की आत्या फोटोतल्या मुलीला पेणला बोलावून फोटो तिच्या तोंडाशेजारी धरायच्या आणि फोनवर मला एकेक फरक वाचून दाखवायच्या. मुलगी तिथे उभीच.

पण त्यांची खरी करामत पुढेच. तुम्हाला ठाऊक आहे, आपल्याकडे स्थळ नाकारायची एक सभ्य रीत आहे. कांदेपोहे खायचे, चहा प्यायचा, घरी जायचं, आणि दोन दिवसांनी कळवायचं, ‘पत्रिका जुळत नाही’. कोणी दुखावत नाही, ग्रहांवर ढकललं की झालं. या एका वाक्यावर आपला समाज आजवर सुखानं चाललाय. आत्यांनी ते वाक्यच काढून घेतलं. त्यांच्या क्वेरीत पत्रिका आधीच जुळवून घेतलेल्या असत, जुळली तरच पत्ता मिळायचा. आणि नकार कळवायचा तर ‘नकाराचं कारण’ हा रकाना भरायचा, त्यात पत्रिका हा पर्यायच नाही. वर कळस म्हणजे, निवडलेलं कारण आत्या ज्याला नाकारलं त्याला फोन करून सांगायच्या. नाहीतर समोर बसवून.

खारेपाटातले एक शेतकरी मुलाच्या तिसऱ्या नकारानंतर रोह्याला आले होते, नेमक्या त्या दिवशी आत्या माझ्याकडे बसलेल्या.

“मॅडम, पोरात माझ्या काय वाईट हाय ता सांगा ना एकदा.”

“दात.”

“दात?”

“पुढचे. तिघींनीही तेच निवडलंय.”

म्हाताऱ्यानं जिभेनं स्वतःचे पुढचे दात चाचपले. मग म्हणाला, “पन ते त माझेच हायत.”

“मग बोलणी करायला जाल तेव्हा तुम्हीही हसू नका.”

आता तुम्ही म्हणाल, केवढी दुष्ट बाई! होतीच. पण त्या म्हाताऱ्यानं भाताच्या पैशातून पोराला दातांच्या डॉक्टरकडे नेलं, तारा लावल्या, आणि पुढच्या वर्षी त्याच्या लग्नात आत्या पहिल्या पंगतीला होत्या. नवरदेव हसताना फोटो मीच काढला. काही म्हणून बदलावं लागलं नाही. आत्यांनी पानात उष्टं टाकलं नाही आणि मुलीच्या बापाला सांगून आल्या, “नातवंडांचे दात सांभाळा. मूळ माल तोच आहे.”

आता मंगेश. क्वेरीत तो नेहमी सर्वांत वर. कंपनीत कायम, केस आहेत, दात सरळ, फ्लॅटवर कर्ज नाही. मुली बघायला यायच्या, घर बघायच्या, चहा घ्यायच्या आणि नकार कळवायच्या. आणि कारणं काय, तर एकीनं ‘नोकरी लांब’ निवडलेलं, मंगेश कंपनीत सायकलवर जायचा. एकीनं ‘उंची कमी’ निवडलेलं, आणि ती स्वतः त्याच्या खांद्याला लागत होती. आत्यांची चिडचिड व्हायची. “माहिती चुकतेय कुठेतरी,” म्हणून त्या फॉर्म उलटापालटा करायच्या, पर्याय बदलायच्या, क्वेरी पुन्हा लिहायच्या. अख्ख्या पेण-रोह्याला कारण ठाऊक होतं. कोणी सांगत नव्हतं. मीही नाही. मला वाटतं, आम्हा सगळ्यांना त्यात थोडी मजाच येत होती.

मग कोलाडची स्नेहल आली. तिच्या वडिलांची हायवेवर खाणावळ, ती गल्ल्यावर बसणारी, बोलायला चटपटीत. मंगेशला बघून आली आणि दोन दिवसांनी नकार भरायला माझ्या टेबलाशी बसली. यादी वर गेली, खाली आली.

“काका, यात माझा कारण नाय.”

“कुठलं पाहिजे?”

“मुलगा चांगला हाय हो. खरंच चांगला हाय. पण त्याच्या आईनी मला चहा द्यायच्या आधी दाराला उभी केलान. माझ्या आईसमोर पायातल्या चपला काढायला लावल्यान, टाचेखाली काय हाय बघायला. मग म्हणतात, ‘वजन तू सांगतेस की मी अंदाज करू?’” तिनं स्क्रीनवर बोट आपटलं. “मुलाची आई. ह्यो पर्याय कुठे हाय?”

मंडळी, मी तिला ‘काहीतरी निवड गो, आणि जा’ असं सांगू शकलो असतो. पण असा प्रसंग आयुष्यात किती वेळा येतो! मी तिच्यासमोरच फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि अगदी नाटकातल्या दूतासारखा म्हणालो, “आत्या, यादीत एक पर्याय कमी आहे.”

“कुठला?”

“मुलाची आई.”

पलीकडे पंख्याचा आवाज येत होता. स्नेहलनं ओढणीचं टोक तोंडाला लावलं. मी मनात टाळ्यांची तयारी करून बसलो होतो, आता तोफ डागली जाणार म्हणून.

“वाढवते,” आत्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

थोड्या वेळानं माझ्या स्क्रीनवरच्या यादीत तो पर्याय आला. सर्वांत खाली. स्नेहलनं तो निवडला आणि निघून गेली.

दुसरी कोणी बाई असती तर एवढ्यावर थांबली असती. आत्यांनी मंगेशला आजवर नकार दिलेल्या प्रत्येक घरी फोन केले. “नमस्कार, मंडळातून बोलतेय. तुम्ही दिलेलं कारण चुकीचं आहे असं दिसतंय. एक नवा पर्याय आलाय, वाचून दाखवू का?” स्वतःविरुद्धचा पर्याय त्या त्याच फौजदारी आवाजात वाचून दाखवायच्या. पलीकडचे लोक चाचरायचे, अहो तसं नाही, अहो आम्ही काही म्हटलं का, मग आत्या म्हणायच्या, “हो की नाही, एवढंच सांगा. मला नोंद दुरुस्त करायची आहे.” भाऊ मला नंतर सांगत होते की ते शेजारच्या खोलीत होते आणि त्यांना बाहेर येववेना. सगळ्या नोंदी दुरुस्त झाल्यावर आत्यांनी मंगेशच्या नकारांची क्वेरी चालवली. कारणांप्रमाणे बेरीज. उत्तर एकाच ओळीत आलं: मुलाची आई.

फॉर्ममध्ये मग नवा रकाना दिसायला लागला: ‘सासू घरात राहणार का?’ पर्याय दोन, हो आणि नाही. मला वाटलं, मंगेशच्या नोंदीत ‘नाही’ टाकून मोकळ्या होतील. लग्न झालं की कोण विचारतंय? मी तसं म्हटलंही. त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी कॅमेऱ्याची काच पुसायला लागलो.

“तुझ्या स्टुडिओवरची खोली रिकामी आहे ना?” त्यांनी विचारलं.

आधी त्या खोलीत राहायला आल्या, मग त्यांनी ‘नाही’ निवडलं. सामान घेऊन टेम्पोबरोबर मंगेशच आला होता. गादी, गॅस, कुकर, देवाचं ताम्हण. जिन्यात तो मला म्हणाला, “मी आईला नको म्हटलं होतं, विलासकाका.” त्यानं म्हटलं होतं, हे खरं असणार. आत्यांनी त्याला चहा दिला, टेम्पोवाल्यालाही दिला, आणि रात्रीच्या आत पेणला परत पाठवून दिलं.

नव्या क्वेरीत मंगेशसमोर स्थळांची रांग लागली. आत्यांनी त्यातलं एकही बघितलं नाही. कोलाडला खाणावळीत स्वतः गेल्या, मलाही नेलं. गल्ल्यासमोर उभ्या राहून म्हणाल्या, “तुझी हरकत ज्या गोष्टीला होती ती गोष्ट आता रोह्यात राहते. बाकी काही हरकत आहे का?”

स्नेहल उभीच राहिली. “तुम्ही रागावल्या नाय माझ्यावर?”

“तू एकटीच खरं बोललीस. मला घरात खरं बोलणारी हवी होती.” मग जरा थांबून म्हणाल्या, “म्हणजे त्या घरात.”

लग्न थाटात झालं. आत्या सगळ्यांना वाढत फिरत होत्या, वरमाईपेक्षा पाहुण्यासारख्या. आणि त्यानंतर जे झालं त्याला मी तरी कोणाला दोष देत नाही. स्नेहल मुलगी वाईट नाही. गणपतीला आत्यांना बोलवायची, गौरी गेल्या की पिशवी भरून द्यायची, बसमध्ये बसवून द्यायची. नातू झाला तेव्हा बारशाला आम्ही दोघं गेलो. आत्यांनी बाळाला मांडीवर घेतलं, त्याच्या पायाची लांबी बोटांनी मोजली, काहीतरी बोलणार होत्या, स्नेहलकडे बघून बोलल्या नाहीत. चहा झाल्यावर स्नेहल म्हणाली, “आई, पाचची गाडी मिळेल तुम्हाला, नायतर खोळंबा होईल.” अगदी प्रेमानं म्हणाली. परतताना आत्यांनी नागोठण्यापर्यंत खिडकीबाहेरचे मैलाचे दगड मोजले. मग म्हणाल्या, “पोरगी शब्दाला पक्की आहे.” अशा आवाजात, की ती निवड त्यांचीच होती हे मी विसरू नये.

इकडे रोह्यात भलतंच सुरू झालं. मुलींच्या आया आता पहिल्यांदा त्याच रकान्याचं विचारायला लागल्या. मग मुलांच्या आया माझ्या स्टुडिओत येऊन हळू आवाजात चौकशी करायच्या, “विलासभाऊ, वरची खोली... आत्यांच्या शेजारची... रिकामी होतेय का हो?” एक बाई नवरा जिवंत असताना खोली बघून गेली. आत्यांना हे सांगितलं तेव्हा त्या पहिल्यांदा पोट धरून हसल्या. हसता हसता डोळे पुसले आणि म्हणाल्या, “डोळ्यात काहीतरी गेलंय रे. परवापासून नीट दिसत नाही.”

मोतीबिंदू निघाला, दोन्ही डोळ्यांत. एका डोळ्याचं ऑपरेशन रोह्यातच झालं, दुसऱ्याचं पुढच्या महिन्यात ठरलं. मी डबा देत होतो. रविवारी सकाळी मंगेश गाडी घेऊन आला.

“आई, चल घरी. दुसरा डोळा होईपर्यंत तरी.”

आत्या खाटेवर बसलेल्या, डोळ्यावर हिरवी पट्टी. “स्नेहलनं बोलावलं की तू ठरवलंस?”

“तसंच.”

“तसंच म्हणजे?”

मंगेशनं किल्ली या हातातून त्या हातात घेतली. “मी विचारलं तिला. ती म्हणाली, बघा तुम्हाला काय वाटतं ते.”

“म्हणजे नाही.”

“तसं ती म्हणाली नाही, आई.”

“नाहीच म्हणाली. आणि तिला तो हक्क आहे. मी तसं सांगूनच तिला आणलीय.” त्यांनी हातानं चाचपत फळीवरची करवंदाच्या लोणच्याची बाटली काढली आणि त्याच्या हातात दिली. “तिला आवडतं. बाळाला चाटवू नका, तिखट आहे. जा आता, ऊन चढतंय.”

मंगेशनं बाटलीचं झाकण घट्ट केलं. त्यानं आणखी एकदा म्हणावं म्हणून मी त्याच्याकडे बघत होतो. जिन्यात त्याच्या पावलांचा आवाज खाली गेला.

आत्या उठून खिडकीशी गेल्या. खाली मंगेश गाडीत बसला, बाटली शेजारच्या सीटवर ठेवली आणि कानाला फोन लावून गाडी बाहेर काढली. आत्यांनी हात वर केला. पण त्यांचा हात भलत्याच बाजूला हलत होता. कोपऱ्यावर गॅस सिलिंडरचा टेम्पो वळत होता, त्याच्याकडे. टेम्पोवाल्यानं आधी मागेपुढे पाहिलं, मग त्यानंही बाहेर हात काढून हलवला.

हात खाली घेऊन त्यांनी विचारलं, “बघितलं का रे त्यानं वर?”

“बघितलं,” मी म्हणालो.

आत्यांनी पुरावा मागितला नाही.